मेंढपाळ शेवटी मेंढरं विकतोच ना? संडे स्कूलमधल्या एका प्रश्नावरून

माळावरची_मावशी

सलाम सगळ्यांना. श्रीगोंदा तालुक्यातून लिहितेय. आमच्या मंडळीत मी अकरा वर्षं संडे स्कूल घेते, लहान गट, सात ते दहा वयाची मुलं. गेल्या रविवारी बायबलमधल्या योहानाचा दहावा अध्याय होता, उत्तम मेंढपाळाचा. भिंतीवर ते जुनं चित्र आहे, बऱ्याच घरांत असतं तेच, येशूच्या खांद्यावर कोकरू आणि मागे हिरवे डोंगर. मी नेहमीसारखं सांगत होते की मेंढपाळ मेंढरांना नावानं हाक मारतो, लांडगा आला तरी पळत नाही, आणि मागच्या चटईवरून एक नऊ वर्षांचा मुलगा उठला आणि म्हणाला, मावशी, पण मेंढपाळ शेवटी मेंढरं कापायला विकतोच ना, मग लांडग्यापासून वाचवतो कशाला?

वर्ग एकदम गप्प झाला. त्याचे वडील बाजारात मटणाच्या दुकानात कामाला आहेत, तो खोडी काढत नव्हता, त्यानं बघितलेलं सांगत होता. मी पुढच्या रविवारी सांगते म्हटलं आणि प्रार्थना करून मुलांना सोडलं.

मला हा प्रश्न एवढा का लागला ते पण सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या गावी होतो, नाव घेत नाही. तिथं चर्चच्या आवारातली जागा विकायचं घाटत होतं आणि कागद कोणी नीट पाहिले नव्हते. माझे सासरे वार्षिक सभेत उभे राहिले आणि हिशेब मागितला. तेव्हाचे पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मेंढरांनी मेंढपाळाला प्रश्न विचारायचे नसतात. सासरे खाली बसले. चाळीस वर्षं त्या चर्चची घंटा त्यांनी वाजवली होती. त्यानंतर ते उपासनेला गेलेच नाहीत, रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे, घंटा झाली की टोपी काढायचे आणि शेवटचं गीत ऐकू येईपर्यंत तसेच बसून राहायचे.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या मुलाला काय सांगू? आणि हे मेंढपाळ-मेंढरांचं रूपकच माणसांना गप्प बसायला शिकवतं का? तसं असेल तर मला ते मुलांना शिकवायचं नाही.

---

मेंढका_माणदेशी

ताई, पोरगं खरं बोललं. मी ख्रिस्ती नाही, आम्ही माण तालुक्यातले धनगर, बिरोबाचे. पण मेंढरांचं विचारलंत म्हणून लिहितो.

आम्ही मेंढरं विकतो. नर कोकरं चार-पाच महिन्यांची झाली की व्यापारी वाड्यावर, म्हणजे आमच्या रानातल्या मुक्कामावर, येतो, त्यावर घर चालतं, पोरांची शाळा चालते. हे लपवून काय करायचं. पण त्याच कोकरासाठी माझी आई पावसात अख्खी रात्र पाल धरून उभी राहिलेली मी बघितलीय. दोन्ही खरंय. विकायच्या दिवशी ती वाड्यावर थांबत नाही, पाण्याला म्हणून निघून जाते.

आता नावानं ओळखतो म्हणता ते. आमची दोनशेच्या वर मेंढरं आहेत, आम्ही रोज मोजत नाही. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून आत घेतली की नजर फिरवायची, एक कमी असली तरी कळतं, कुठंतरी जागा उघडी दिसते. कानाला काळा ठिपका असलेली, वाकड्या शिंगाची, मागच्या साली रस्त्यावर व्यालेली, अशी प्रत्येकीची ओळख असते.

आणि चालताना एक जण पुढं असतो एक जण मागं. लोकांना वाटतं पुढचा मोठा. अवघड काम मागच्याचं असतंय. लंगडी, गाभण, नुकती व्यालेली, सगळी मागं पडतात, कोकरू दोन तासांचं असलं तर ते घोड्यावर नाहीतर काखेत, आणि त्याची आई ओरडत बरोबर चालते. मागच्याला जेवायला पण शेवटी मिळतं. गडी ठेवला की तो पुढं चालायला तयार असतो, मागं कुणी मागत नाही.

गडी वाईट असतो असं म्हणणं नाही हां माझं. वर्षाच्या बोलीवर येतो, त्याला पण घर आहे. पण लांडगं आलं त्या रात्री कोण उठतं ते कळतं.

---

दिमोनाकर

शालोम. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोबा अलिबागच्या बाजूचे, आता आमची तिसरी पिढी इथे इस्रायलमधल्या दिमोनात. आईमुळे घरात मराठी टिकली. मेंढका दादांचं वाचून राहवलं नाही.

ताई, त्या मुलाचा प्रश्न आमच्या शास्त्रात फार पूर्वी विचारलेला आहे. यहेज्केल संदेष्ट्याचा ३४ वा अध्याय काढा. इ.स.पू. सहावं शतक, यरुशलेम पडलेलं, लोक बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, बंदिवान. त्या काळात राजे स्वतःला मेंढपाळ म्हणवून घ्यायचे, त्याच्या कितीतरी शतकं आधी बाबेलचा राजा हम्मुराबी यानं तर आपल्या कायद्यांच्या सुरुवातीलाच तसं लिहून ठेवलंय. म्हणजे मेंढपाळ हा शब्द तेव्हा गोड नव्हता, दरबारी होता. आणि यहेज्केल त्या राजांना, पुढाऱ्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पुष्ट मेंढरं कापता आणि कळपाला चारत मात्र नाही. दुबळ्याला बळ दिलं नाहीत, मोडलेल्याला पट्टी बांधली नाहीत, हरवलेल्याला शोधलं नाहीत. आणि मग देव म्हणतो की मी माझी मेंढरं यांच्या तोंडातून सोडवीन. लांडग्याच्या तोंडातून म्हणत नाही बघा, मेंढपाळांच्या तोंडातून म्हणतो.

दावीद तर खराखुरा मेंढपाळ, सिंहाच्या जबड्यातून कोकरू ओढून काढणारा. तोच राजा झाल्यावर त्यानं उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत पुढे घालून मारवलं. तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि त्याला मेंढरांचीच गोष्ट सांगितली, गरीब माणसाची एकुलती एक कोकरी, त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी, आणि शेजारच्या श्रीमंतानं पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद भडकला, म्हणाला कोण तो, त्याला मारलं पाहिजे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. तुमच्या सासऱ्यांनी सभेत हिशेब मागितला तेव्हा ते नाथानच्या जागी उभे होते असं मला वाटतं.

आमच्याकडे मोशेची पण एक मिद्राश, म्हणजे शास्त्राला जोडून सांगायची जुनी कथा, सांगतात. सासऱ्याचा कळप चारताना एक करडू पळालं, मोशे मागे धावला, तर ते एका डबक्यापाशी पाणी पिताना सापडलं. मोशे म्हणाला, तुला तहान लागली होती हे मला कळलंच नाही, दमला असशील, आणि त्याला खांद्यावर घेऊन परत आला. तेव्हा देवानं ठरवलं की माझा कळप याच्याकडे द्यायचा. मला यात खांद्यावर घेण्यापेक्षा "मला कळलंच नाही" हे जास्त आवडतं.

---

प्रश्नार्थक

मी कुठल्याच धर्माचा नाही पण धागा मनापासून वाचतोय. मावशींचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या भाषेत मेंढरासारखं वागणं ही शिवी आहे, एकानं उडी मारली की सगळी मारतात. मग माणसांच्या समूहाला कळप म्हणायचं आणि एकाला मेंढपाळ, यात एकाकडे अक्कल आणि बाकीच्यांकडे नाही हे आधीच ठरून जातं. सभेत त्या पाळकांनी जे केलं ते रूपकाचा गैरवापर होता, की रूपक तिथेच नेणारं आहे? कितीही चांगला मेंढपाळ आणा, मेंढरांना मत नसतंच.

---

पाळकांची_लेक

प्रश्नार्थक, तुमचं म्हणणं मला पटतं आणि तरी एक ओळ दाखवते. योहान १० मध्ये येशू म्हणतो की मेंढरं परक्याच्या मागे जाणारच नाहीत, उलट त्याच्यापासून पळतील, कारण त्याचा आवाज त्यांना ओळखीचा नाही. म्हणजे आवाज पारखायचं काम मेंढरांचं आहे, मेंढपाळाला ते जमत नाही. आणि हे सगळं बोलणं कुठून सुरू होतं बघा. नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी येते, तो पुढाऱ्यांना उलट उत्तरं देतो, प्रश्न विचारतो, म्हणून त्याला हाकलून देतात. येशू त्याला शोधून काढतो आणि लगेच मेंढवाड्याचं बोलणं सुरू होतं. अध्यायाचा आकडा नंतर टाकलाय, मधे थांबू नका. त्या गोष्टीतलं मेंढरू गप्प बसणारं नाहीच, तोंडावर बोलून हाकललं गेलेलं आहे. मावशी, अंगणात बसलेल्या तुमच्या सासऱ्यांचं वाचताना मला तोच आठवला.

आता माझं. माझे वडील पाळक होते, मराठवाड्यात, सहा-सात खेड्यांची मंडळी, सायकल, नंतर एक जुनी लुना. पगार वेळेवर कधीच नाही. मोलकरी, म्हणजे योहान १० मधला लांडगा आला की पळणारा पगारी राखणदार, हा शब्द प्रवचनात आला की ते थोडे थांबायचे, मग म्हणायचे की मी पण पगार घेतो, तेव्हा हे वचन आधी मला आहे. मेंढका दादांनी गड्याबद्दल लिहिलं ते वाचून डोळ्यात पाणी आलं, वडील अगदी असंच बोलायचे.

त्यांच्याकडे एक लांब वही होती, किराणा दुकानात उधारीची असते तसली. ते गेल्यावर उघडली. प्रत्येक घराचं एक पान. कोणाला खोकला, कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या विहिरीचं पाणी आटलं, कोणी दारू सोडली आणि किती दिवस झाले, आणि समोर घरभेटीच्या तारखा. एका पानावर फक्त "बोलत नाही, बसून आलो" असं पाच वेळा लिहिलंय, पाच वेगवेगळ्या तारखा. ते घर कोणाचं मला माहीत आहे, त्यांचा मुलगा विहिरीत गेला होता.

एप्रिल २०२१ मध्ये वडील स्वतः आजारी, घरातच वेगळ्या खोलीत, तरी वही उशाशी, रोज संध्याकाळी सात ते नऊ फोन. ऑक्सिजन खाली गेला त्या दिवशी पण तीन फोन केले, नीट बोलता येत नव्हतं, पलीकडच्यांना वाटलं रेंज नाही. मी रागावले होते त्यांच्यावर. अजून पूर्ण गेलेला नाही तो राग, कारण सगळ्यांच्या पानांवर तारखा होत्या आणि त्यांची विचारपूस करायला त्यांच्या वरचं कोणी आलं नाही. पाळकाचं पान कोणाच्या वहीत असतं, हे पण विचारा कधीतरी.

---

अभ्यासू_नगरी

लेकताई, काय लिहू कळत नाही. वही जपून ठेवा.

लांडगा आला की उठायचं की पळायचं यावरून ख्रिस्ती मंडळींत खरीखुरी भांडणं झालीत. इ.स. २५० मध्ये रोमचा सम्राट डेसियस यानं छळ सुरू केला. रोमचा बिशप फेबियन जानेवारीतच मारला गेला. तिकडे उत्तर आफ्रिकेत कार्थेजचा बिशप सिप्रियन मात्र लपून बसला आणि लपल्या जागेवरून पत्रं लिहून मंडळी चालवत राहिला. तर रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला पत्र पाठवलं, त्यात योहान १० मधला मोलकरी उभा केला, रोख कोणाकडे ते सगळ्यांना कळलं. सिप्रियनला ते फार लागलं, त्यानं आपली बाजू मांडली की मी राहिलो असतो तर माझ्यामुळे लोकांवर आणखी संकट आलं असतं. आठ वर्षांनी, २५८ मध्ये, पुन्हा छळ आला तेव्हा तो हलला नाही. कार्थेजमध्येच त्याचा शिरच्छेद झाला.

मग ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतल्याच हिप्पो शहराचा बिशप. वांडाल लोक आफ्रिकेत घुसले तेव्हा होनोरातुस नावाच्या बिशपनं विचारलं की आम्ही पळायचं का. ऑगस्टीननं सरळ हो किंवा नाही म्हटलं नाही. शत्रू एकट्या बिशपलाच शोधत असेल आणि मागे लोकांची सेवा करायला दुसरे असतील तर त्यानं जावं, पण संकट सगळ्यांवर सारखं असेल तर ज्यांना आपली गरज आहे त्यांना सोडून जाऊ नये. तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता. हिप्पो शहराला वेढा पडलेला असताना, २८ ऑगस्ट ४३० ला, तो आतच वारला. यहेज्केल ३४ वर त्याचं एक लांबलचक प्रवचन पण आहे, सगळं मेंढपाळांना झाडणारं, आणि त्यात तो स्वतःला सोडत नाही. दुसऱ्या एका प्रवचनात तो लोकांना म्हणतो की तुमच्यासाठी मी बिशप आहे, तुमच्याबरोबर मी ख्रिस्ती आहे, आणि पहिल्या गोष्टीची मला भीती वाटते, दुसरीचा आधार वाटतो.

जर्मन धर्मसुधारक लुथरनं पण १५२७ मध्ये हेच लिहिलंय. विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येनाला हलवलं, राजानं त्यालाही जा म्हणून सांगितलं, तो राहिला. बायको गरोदर, घराचा दवाखाना झालेला. ब्रेस्लाऊच्या पाळकांनी विचारलं होतं की प्लेगमध्ये पळावं का, तर त्याचं म्हणणं असं की साध्या माणसानं, ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही, त्यानं जायला हरकत नाही, पण उपदेशक, अधिकारी, ज्यांच्या गळ्यात जबाबदारी आहे त्यांनी थांबावं. तिथे पण योहान १० आहेच.

मला यातून एवढंच दिसतं की पळाला म्हणजे मोलकरी आणि थांबला म्हणजे मेंढपाळ इतकं ते सरळ नाही. जाताना मागे कोणाला ठेवून गेला हे बघावं लागतं.

---

वसईचा_वारा

वसईहून. मेंढका दादा, तुम्ही पुढं एक मागं एक लिहिलंत ना, पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या उपदेशपत्रात जवळजवळ हेच लिहिलंय. बिशपनं कधी लोकांच्या पुढे चालावं, कधी नुसतं त्यांच्यामध्ये असावं, आणि कधी मागे चालावं, मागे पडलेल्यांना हात द्यायला, आणि कळपाला पण नव्या वाटा सापडतात म्हणून. प्रश्नार्थकांनी हे शेवटचं बघावं, तिथे वाट मेंढरं काढतायत. त्याच वर्षी २८ मार्चला, पोप होऊन पंधरा दिवस झालेले, त्यांनी धर्मगुरूंना सांगितलं की तुमच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा. आमच्या धर्मग्रामात तेव्हा हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. माझी आजी म्हणाली, यात नवीन काय, आमच्या लहानपणी फादर वाडीत यायचे तर पायाला चिखल असायचाच.

आर्चबिशपच्या गळ्यात पांढरी लोकरीची पट्टी बघितली असेल, पॅलियम म्हणतात. ती खरी मेंढीच्या लोकरीची असते, दर वर्षी २१ जानेवारीला, संत अॅग्नेसच्या सणाला, रोममध्ये कोकरांना आशीर्वाद देतात. खांद्यावर कोकरू घेतल्याची खूण आहे ती. आता ती घालून मिरवायचं की वाकायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

ज्यानं ठरवलं त्याचं नाव ऑस्कर रोमेरो. एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर, तिथला आर्चबिशप, १९७७ मध्ये नेमणूक झाली तेव्हा सरकारला आणि बड्या जमीनदारांना बरं वाटलं होतं, पुस्तकात डोकं घालून बसणारा शांत माणूस म्हणून. महिनाभरात, १२ मार्चला, त्याचा मित्र फादर रुतिलियो ग्रांदे याला एक म्हातारा आणि एक पोरगा यांच्यासह गोळ्या घातल्या, शेतमजुरांच्या बाजूनं बोलायचे म्हणून. रोमेरो त्या रात्री त्या तीन प्रेतांपाशी गेला आणि तिथून माणूस बदलला. दर रविवारी त्याचं प्रवचन रेडिओवर लागायचं आणि त्यात आठवड्यात कोण मारलं गेलं, कोण गायब झालं ते नावानिशी वाचलं जायचं. राहायचा कॅन्सरच्या दवाखान्याच्या आवारातल्या लहानशा घरात. २३ मार्च १९८० ला त्यानं सैनिकांना सांगितलं की आपल्याच भावांना मारायचा हुकूम मानू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या चॅपलमध्ये मिस्सा चालू असताना त्याला गोळी घातली. २०१८ मध्ये संत म्हणून जाहीर केलं, पण तिकडच्या गरिबांनी ते आधीच ठरवलं होतं.

नावानं हाक मारतो म्हणजे काय हे मला त्या रेडिओवरच्या यादीमुळे कळलं.

आपल्याकडचं सांगायचं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले, आम्हाला त्याच्या कितीतरी आधीपासून, हरित वसईच्या लढ्यापासून. विहिरी आणि वाड्या वाचवायला उभे राहिले तेव्हा विहीर कोणत्या धर्माची हे त्यांनी विचारलं नाही. ते जुलै २०२४ मध्ये गेले.

---

प्रश्नार्थक

रोमेरो माहीत नव्हते, वाचेन. पण मग वसईकर, त्याच चर्चमध्ये लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवत राहिले, त्याचं काय? तिथे मेंढपाळानं लांडगा ओळखला होता आणि तरी त्याला दुसऱ्या वाड्यात सोडला. टोमणा म्हणून नाही, खरंच विचारतोय, कारण रूपक टिकायचं असेल तर इथे टिकलं पाहिजे.

---

वसईचा_वारा

टोमणा वाटला नाही. ते झालं, खोटं बोलणार नाही. बॉस्टनचं प्रकरण २००२ मध्ये पत्रकारांनी बाहेर काढलं, तिथल्या आर्चबिशपना त्याच वर्षी डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला, आणि नंतर एकेका देशातून तेच बाहेर येत गेलं. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे की हे मंडळीच्या वरिष्ठांनी बाहेर काढलं नाही, ज्यांच्यावर बेतलं त्यांनी आणि वर्तमानपत्रानं काढलं. दिमोनाकरांनी यहेज्केल लिहिला तेव्हा माझ्या मनात हेच होतं, मेंढपाळांच्या तोंडातून सोडवीन. देव त्या वेळी मेंढपाळांच्या बाजूला उभा नाही, समोर उभा आहे. माझी श्रद्धा यामुळे गेली नाही, पण त्या अध्यायाशिवाय ती उरली नसती हे पण खरं.

---

इंद्रायणीकाठ

वारकरी घरातली आहे, थोडंच लिहिते. आमच्याकडे ज्ञानोबांना माउली म्हणतात, विठोबालाही आईच म्हणतात. आई लेकराला विकत नाही, म्हणून त्या मुलाचा प्रश्न आमच्याकडे उठत नाही. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक, तेही ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारायचे ना? मावशी, मुलांना मेंढपाळ जड जात असेल तर आई सांगून बघा.

---

दिमोनाकर

इंद्रायणीताई, छान. आणि राहेल स्वतः मेंढरं राखायची, उत्पत्ती २९ मध्ये स्पष्ट आहे, बापाची मेंढरं घेऊन विहिरीवर येते ती. म्हणजे मेंढपाळ म्हटलं की दाढीवाला बाप्याच डोळ्यासमोर आणायला नको.

---

पाळकांची_लेक

याला जोडून पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, रस्त्यावर टाकलेल्या मुली आणि बालविधवा शोधून शेकड्यांनी घेऊन आल्या, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. आणि त्याच बाईंनी म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यांना कोणी पाळक म्हटलं नाही, पदवी नव्हती. केडगाव तुमच्यापासून लांब नाही मावशी.

---

माळावरची_मावशी

सगळ्यांना सलाम. काल रविवार झाला, आधी काय झालं ते सांगते.

मुलांना मी चित्र बघायला सांगितलं आणि म्हटलं की याचं म्हणणं बरोबर आहे, मेंढपाळ मेंढरं विकतात, त्यावर त्यांचं पोट चालतं, आणि तरी ते त्यांच्यासाठी रात्रभर उभे राहतात. मग मेंढका दादांच्या आईचं सांगितलं, विकायच्या दिवशी पाण्याला निघून जाते ते. मग यहेज्केलाचं सांगितलं, वाईट मेंढपाळ खातात आणि चारत नाहीत. मग म्हटलं, येशू म्हणाला मी मेंढरांसाठी जीव देतो, जगात सगळीकडे मेंढरू मेंढपाळासाठी मरतं, इथे उलटं झालं. आणि बायबलच्या अगदी शेवटच्या पुस्तकात तर कोकरूच मेंढपाळ झालेलं आहे, प्रकटीकरण ७ मध्ये. ज्याला कापलं तोच राखतो. त्याला माहीत आहे कापलं जाणं काय असतं.

तो मुलगा बराच वेळ चित्राकडे बघत होता. मग म्हणाला, म्हणजे त्याला विकायचं नाहीये. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग बरंय.

नंतर मोठ्या गटाला मी जन्मांध माणूस आणि मेंढवाडा एकत्र वाचून दाखवला, लेकताईंनी सांगितल्याप्रमाणे मधे न थांबता. आणि पहिल्यांदाच वर्गात सासऱ्यांचं सांगितलं, गावाचं नाव न घेता. एका मुलीनं विचारलं, मग आजोबांना शोधायला कोणी आलं का? मी खरं ते सांगितलं. तीन वर्षांनी नवीन पाळक आले, त्यांनी अंगणात दुसरी खुर्ची मागितली आणि बसले. पहिल्या दिवशी काहीच बोलले नाहीत. चौथ्या-पाचव्या रविवारी सासऱ्यांनीच विचारलं, तुम्ही इथं बसलात तर उपासना कोण घेणार? पाळक म्हणाले, घंटा झाली नाही अजून, वाजवणारे इथं बसलेत. सासरे त्या दिवशी गेले. पुढे ते दीड वर्ष जगले आणि दर रविवारी गेले. जागेचा हिशेब पण त्याच पाळकांनी सभेत वाचून दाखवला, सगळे कागद टेबलावर ठेवून.

हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, पण तेव्हा फक्त आधीचंच आठवत होतं.

मेंढका दादा, एक विनंती आहे. आमच्या मुलांनी मेंढरं फक्त चित्रात नाहीतर दुकानात टांगलेली बघितलीत. तुमचा वाडा कधी इकडे येतो का?

---

मेंढका_माणदेशी

ताई, थोरल्या भावाचा वाडा आत्ता दौंडच्या बाजूलाच आहे, उसाचं रान मोकळं झालंय तिथं बसवलाय, अजून आठ दिवस हलत नाही, पाऊस लागला की गावाकडं परत. पोरांना घेऊन या, पण दुपारी नको, दुपारी मेंढरं रानात असतात. सहाच्या सुमारास या. दिवसभर बारकी कोकरं वाड्यावर कोंडलेली असतात आणि आया चरून येतात, तेव्हा सोडतो. शंभर कोकरं आणि शंभर आया एकदम ओरडायला लागतात, काय ऐकू येत नाही, आणि पाच मिनिटांत ज्याची त्याला सापडते. एखादं राहिलं तर वहिनी उचलते आणि बरोबर त्याच्या आईकडं नेऊन लावते, ते पण बघायला मिळंल.

कुत्री बांधून ठेवायला सांगतो. पोरांना पायात बूट घालायला लावा, काटे आहेत. आणि त्या विचारणाऱ्या पोराला पुढं आणा, त्याला एक धरायला देतो.

---

माळावरची_मावशी

शनिवारी येतो. अकरा मुलं आणि आम्ही दोघी बाया. भाकरी आम्ही बांधून आणू, वहिनींना सांगा चूल पेटवू नका. फोन नंबर खासगीत पाठवते.